नावावरचा बारीक दोन

१

आमच्या कचेरीत एक नियम आहे: स्वतःच्या नावाचं कार्ड स्वतः लिहायचं नाही. नियम संपादकांनी केला आणि तो योग्यच आहे. माणूस एरवी कितीही सरळ असला तरी स्वतःच्या नावाचा अर्थ लिहायला बसला की त्याचा हात सैल सुटतो. पहिल्या खंडाच्या वेळी एका सहकाऱ्यानं आपल्या साध्या दोन अक्षरी नावाला 'तेजस्वी, दानशूर, समुद्रासारखा गंभीर' असे अर्थ दिले होते. तो गृहस्थ दुसऱ्याच्या टेबलावरचा चहासुद्धा पिऊन टाकायचा. तेव्हापासून हा नियम.

आम्ही नामकोश करतो. माणसांची नावं, त्यांचे अर्थ, ती कुठून आली. मुलग्यांचा खंड छापून झाला, मुलींचा चालू होता. कचेरी म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत संपादक आणि मी, मधल्या खोलीत सूचीबाई आणि डीटीपीवाला, मागच्या खोलीत लोखंडी कपाटं. कपाटांत एकेका नावाचं पोस्टकार्डाएवढं कार्ड. त्या खोलीत कोणी बसत नाही. संपादकांना आम्ही पाठीमागे रफार म्हणतो, कारण ते सगळ्यांच्या डोक्यावर बसतात. त्यांना हे ठाऊक आहे. "रफार गेला तर शब्दाचा अर्थ जातो," असं ते एकदा कागदातून मान वर न करता म्हणाले. त्यानंतर आठवडाभर सूचीबाई आणि मी फार शहाण्यासारख्या वागलो.

माझ्या नावाचं कार्ड अर्थातच त्यांनीच लिहिलं होतं. माझ्याकडे आलं ते पहिलं प्रूफ.

माझं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. तीन अक्षरं, त्यांतलं मधलं जोडाक्षर. 'अनु' म्हणजे मागून आणि 'इ' म्हणजे जाणे. ज्यांना संधी करता येतो त्यांना एवढ्यावरून नाव कळेल. त्यांनी ते मनातच ठेवावं, मोठ्यानं म्हणू नये. रफारांनी अर्थ दिला होता: 'युक्त, जोडलेली, सोबत असलेली'. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त नावाच्या डोक्यावर, उजव्या कोपऱ्यात, एक बारीक '२' होता.

एकच रूप असलेले दोन वेगळे शब्द असले की कोशात त्यांना असे आकडे देतात. 'मान' एक, म्हणजे जिच्यावर डोकं असतं ती. 'मान' दोन, म्हणजे जो मिळाला नाही तर संपादक रुसतात तो. हे कोशाचं साधं शिस्तीचं काम आहे. पण दोन असला तर एक असायलाच हवा. मी नोंदीच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, मागचं पान पाहिलं. एक कुठेच नव्हता. लाल पेनानं आकड्यावर काट मारली, समासात 'आकडा काढा' असं लिहिलं आणि पुढच्या नावाकडे वळले.

२

त्याच आठवड्यात माझी लेक बाळंत झाली, दिवस भरायच्या नऊ आठवडे आधी. मुलगी झाली. वजन सव्वा किलो. आमच्या कोशाचा पहिला खंड याहून जड आहे, हे माझ्या मनात आलं आणि त्याची मला लाज वाटली.

बाळाला काचपेटीत ठेवलं होतं. अंगावर नळ्या, डोक्याला माझ्या मुठीएवढी टोपी. पेटीला लावलेल्या पट्टीवर नुसतं 'बाळ, स्त्री' असं लिहिलेलं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "एवढी लहान मुलं श्वास घ्यायला मधेच विसरतात," त्या म्हणाल्या. "आपण आठवण करून द्यायची. पहिले दोन आठवडे निघाले की मी तुमच्याशी हसून बोलेन."

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. जावई जहाजावर, त्याला पोचायला अजून वीस दिवस. म्हणजे होतो आम्ही दोघीच. मी सकाळी कचेरी आणि दुपारनंतर दवाखाना करत होते.

चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, तिला नाव देऊ या. पट्टीवर नुसतं बाळ लिहिलेलं मला बघवत नाही."

"देऊ या की. मी मेलीनं कपाटं भरून नावं जमवलीत, कधी उपयोगी पडायची? सांग, कसलं हवंय?"

"तुझं."

मी हसले. "अगं, ताजं एखादं घे. वापरलेलं कशाला?"

"वापरलेलंच हवंय. टिकाऊ निघालंय ते." ती बोटं मोजायला लागली. "लहानपणी तापातून वाचलीस. कॉलेजची बस उलटली तेव्हा वाचलीस. माझ्या वेळी तर डॉक्टरांनी हात टेकले होते, तरी वाचलीस. या नावाला काही होत नाही, आई."

तिचे डोळे चार दिवस झोप नसल्यानं लाल झाले होते. व्युत्पत्ती हा माझा धंदा आहे. नावानं कोणी जगत नाही आणि मरत नाही, हे मी तिला एरवी सोदाहरण पटवून दिलं असतं. त्या दिवशी मी नुसतं "बघू" म्हटलं.

३

दुसरं प्रूफ आलं. दोन होता तिथेच होता.

मी उठून मधल्या खोलीत गेले. डीटीपीवाला पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं पडद्यावर ती नोंद काढून दाखवली. पडद्यावर आकडा नव्हता. "बाई, मी त्याच दिवशी काढला," तो म्हणाला. त्यानं माझ्यासमोर पान छापलं. कागद बाहेर आला तेव्हा नावावर बारीक दोन होता. त्यानं दुसऱ्या यंत्रावर छापलं. दोन. मग त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "फाँटची भानगड असेल." फाँटची भानगड हा आमच्याकडे अंगात येण्यासारखा प्रकार आहे, एकदा तसं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

मूळ कार्डच बघावं म्हणून मी मागच्या खोलीत गेले. कार्ड रफारांच्या टोकदार अक्षरात होतं. आकडा नव्हता. त्याच्या आधीच्या कार्डात आणि या कार्डात मात्र बोटभर जागा मोकळी होती. कपाटात कार्डं इतकी दाटून भरलेली असतात की एक काढायला नख लागतं. मी दोन्ही बाजूंनी दाबून ती जागा बुजवली आणि बाहेर आले.

अकराच्या सुमाराला सूचीबाई चहा करते आणि मला नावानं हाक मारते. आम्ही बरोबरीच्या, सव्वीस वर्षं एकत्र. हे गेल्यापासून मला नावानं हाक मारणारी ती एकटीच. मी माझ्या खुर्चीत होते, पेनाचं टोपण लावत होते. तिनं हाक मारली. मी तोंड उघडायच्या आत मागच्या खोलीतून "ओ" आला.

सूचीबाई कप घेऊन सरळ मागच्या खोलीत गेली. मग तसाच भरलेला कप घेऊन ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"तू इथे कशी? आत्ता आत होतीस ना?"

"मी इथेच आहे."

"ओ कोणी दिला मग?"

"मीच," मी म्हटलं. "कपाटं लोखंडी आहेत. आवाज घुमतो."

तिला ते पटलं, कारण तिला अजून दोघांना चहा द्यायचा होता. मी मात्र तिथेच बसून राहिले. आवाज घुमून येतो तो आधीच्या आवाजानंतर येतो, त्याच्या अगोदर येत नाही. आणि तो आवाज माझाच होता, पण फोनमध्ये भरलेला आपला आवाज ऐकताना वाटतो तसा, थोडा परका. शिवाय त्याला दम लागला होता. कुणीतरी लांबून घाईनं यावं, तसा.

४

मावशी शहाऐंशी वर्षांची आहे. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. तिला ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. मी गेले तेव्हा ती बाळासाठी टोपी विणत होती.

"मावशी, माझ्या आधी कोणी होतं का?"

सुया थांबल्या. "तुला कोणी सांगितलं?"

"छापून आलंय," मी म्हटलं. मला विनोद करायचा नव्हता, पण तो झाला.

मावशीनं विणकाम मांडीवर ठेवलं. "होती एक. तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी. अकरा दिवस होती."

"नाव?"

"तेच की."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मावशी म्हणाली. "तुझे बाबा म्हणाले, एवढं शोधून काढलेलं नाव, अकरा दिवसांत असं काय झिजलंय त्याचं? त्यांच्या मनात वाईट नव्हतं गं. चांगली वस्तू टाकवायची नाही त्यांना."

हे खरं होतं. बाबा वाकडे खिळे ठोकून सरळ करत आणि डब्यात भरून ठेवत.

"आणि आई?"

"ती काही बोलली नाही. पण आठवून बघ, तिनं तुला नावानं कधी हाक मारली?"

मी आठवून पाहिलं. बाळ म्हणायची. अगं म्हणायची. लाडात आली की छकुली, आणि रागावली की भवानी. माझ्या लग्नाच्या दिवशीही ती "बाळ, सांभाळून" एवढंच म्हणाली होती. एकोणचाळीस वर्षं मला आई होती, आणि तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलेलं नव्हतं. आजवर मला तो लाड वाटत आला होता.

"तुझ्या त्या तापाच्या वेळी मी होते तिथे," मावशी पुढे म्हणाली. "नऊ वर्षांची होतीस. भर दुपारची वेळ. जिन्यातून कोणीतरी तुझं नाव घेतलं. आवाज चांगला होता, अदबीचा. तू ओठ हलवलेस. तुझ्या आईनं झटक्यात तुझ्या तोंडावर हात ठेवला. आणि आतल्या खोलीतून ओ आला. 'ओ, आले.' लहान मुलीचा आवाज. मग जिन्यात पावलं वाजली, खाली उतरत गेली. मी जाऊन पाहिलं तर जिन्यात कोणी नाही. संध्याकाळी तुझा ताप उतरला."

"आतल्या खोलीत कोण होतं?"

"कोणी नव्हतं," मावशी म्हणाली. "तुझी आई मात्र त्या खोलीकडे तोंड करून हात जोडून बसली होती. मी तिला काही विचारलं नाही. तू उठून बसली होतीस, खायला मागत होतीस. आणखी काय विचारायचं?"

तिनं सुया पुन्हा हातात घेतल्या. जाताना टोपी माझ्या पर्समध्ये घातली आणि म्हणाली, "पोरीला दुसरं नाव बघ."

५

घरी जाताना मला एक दुपार आठवली. मी सहा-सात वर्षांची असेन. आई मागच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिनं हळूच माझं नाव घेतलं. मी अंगणातून "ओ" म्हणून धावत गेले. ती दाराकडे पाठ करून बसली होती. मागे न वळता म्हणाली, "तुला नाही."

म्हणजे तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं होतं. पण ते मला उद्देशून नव्हतं.

मला तेव्हा तो खेळ वाटला होता. ती पुष्कळदा तो खेळायची. नाव घ्यायची, मान एका बाजूला करून थांबायची, आणि जरा वेळानं स्वतःशीच हसायची. आता माझ्या लक्षात आलं की ती वाट बघत असायची. लहान मुलाला आपण हाकेला ओ द्यायला शिकवतो, तसं ती कोणालातरी शिकवत होती.

मग बाकीच्या दोन गोष्टीही मी नव्यानं मांडून पाहिल्या. कॉलेजच्या सहलीला बस सुटताना प्राध्यापकांनी हजेरी घेतली. मी तेव्हा वही विसरले म्हणून फाटकाबाहेर धावत होते. बस मला न घेताच गेली आणि वळणावर उलटली. माझ्या ठरलेल्या जागेवरची खिडकी आतपर्यंत चेपली होती. प्राध्यापक पुढे कित्येक वर्षं शपथेवर सांगायचे, "तू ओ दिलास. मी स्वतः ऐकलं म्हणून बस सोडली." आणि लेकीच्या वेळी, रक्त थांबेना तेव्हा, डॉक्टर मला नावानं हाका मारत होते. मी पार बेशुद्ध होते. नंतर नर्स म्हणाली, "तुम्ही प्रत्येक हाकेला ओ देत होतात, म्हणून आम्ही हात थांबवले नाहीत."

मी घराचं दार उघडलं. दुपारची तीनची वेळ होती, सगळीकडे स्वच्छ ऊन. बैठकीची खोली, मग पॅसेज, मग मागची खोली. मी पॅसेजमध्ये उभी राहिले. शहाण्या माणसानं करू नये ते मी केलं, पण मला त्या वेळी शहाणपणाची फिकीर नव्हती. अकरा दिवसांचं आयुष्य मिळालेली एक पोर, आणि माझे अठ्ठावन्न वर्षांचे सगळे दिवस तिनं निभावून नेले होते. माझं शिक्षण, माझं लग्न, माझी लेक, माझी ही कार्डं.

"फार उपकार झाले तुझे," मी मोठ्यानं म्हटलं. दिवसभर शब्द हाताखालून जातात, पण एवढेच सुचले. "मला माहीतच नव्हतं गं."

मागच्या खोलीतून उत्तर आलं नाही. पलंग मात्र वाजला. कोणी दमून टेकलं की वाजतो, तेवढाच. मी आत जाऊन पाहिलं नाही. भीती वाटली हे खरं आहे, आणि दमलेल्या माणसाला उठवू नये असं वाटलं हेही खरं आहे.

६

दवाखान्यात पोचले ती लेकीला सांगायलाच की हे नाव नको, दुसरं कुठलंही घे. चार वाजले होते. बाळाचा अकरावा दिवस होता.

"आई, मी सकाळीच फॉर्म भरून दिला," लेक म्हणाली. काचेपलीकडे पेटीच्या पट्टीवर निळ्या शाईत माझं नाव लिहिलेलं दिसत होतं. मधलं जोडाक्षर जरा मोठं आलं होतं.

मी म्हटलं, "बदलून घेऊ. आत्ता जाते खिडकीवर."

"का? काय झालं?"

मी काय सांगणार होते, कोण जाणे. त्याच क्षणी आतल्या यंत्राचा आवाज बदलला. एकेक टिपका वाजत होता, त्याची सलग रेघ झाली. नर्स धावली. डॉक्टरीणबाई दुसऱ्या दारानं आल्या आणि पेटीच्या भोकांतून दोन्ही हात आत घालून वाकल्या. लेकीनं काचेवर दोन्ही तळवे टेकवले. ती ओरडली नाही, तिचा श्वासच थांबला होता.

आणि जिन्याकडून हाक आली.

आवाज चांगला होता. मावशी म्हणाली होती तसाच, अदबीचा, घाई नसलेला. खिडकीवरचा कारकून पुढच्याचं नाव पुकारतो, तसं त्यानं ते तीन अक्षरी नाव पुकारलं. पॅसेजमध्ये दहा-बारा माणसं होती. कोणीही वर पाहिलं नाही.

पॅसेजच्या टोकाला शेवटच्या बाकावर माझ्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. मी आले तेव्हापासून होती. कोणाची तरी आजी असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. हाक आली तशी तिनं एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा भिंतीला लावला आणि उठायला लागली. माझी आई अशीच उठायची. केस माझ्यासारखे, माझ्याहून थोडे जास्त पांढरे. मान जराशी वळली तेव्हा कान दिसला, गालाची कड दिसली. आरशात बाजूनं पाहिलं तर मला जी दिसते, तीच. चेहरा दिसला नाही, आणि दिसला नाही याबद्दल मी आभारीच आहे.

ती अर्धी उठली होती. इतक्या वर्षांत ती किती वेळा अशी उठली असेल, एवढंच माझ्या मनात आलं. मला भावंड नव्हतं. ज्या शब्दानं मोठ्या बहिणीला हाक मारतात, तो मी जन्मात कोणाला घरातलं माणूस म्हणून वापरला नव्हता.

"ताई," मी म्हटलं. "तू बस. खूप वेळा उठलीस. आता मी."

मग मी जिन्याकडे तोंड केलं.

"ओ," मी म्हटलं. आवाज नीट निघाला. "आले हं. हातातलं एवढं संपवते आणि येते."

हे मी चतुराईनं म्हटलं नाही. आमच्या घरातल्या बायका अशाच ओ देतात. "आले, आले" म्हणायचं आणि हातातलं काम उरकूनच उठायचं. हाक मारणाराही समजून असतो. जिन्यात क्षणभर काहीच झालं नाही. मग पावलं वाजली, सावकाश, एकेक पायरी खाली.

आत बाळ रडलं. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज होता. डॉक्टरीणबाईंनी हात बाहेर काढले आणि काचेतून आमच्याकडे बघून मान हलवली. लेक खाली बसली आणि मग रडली.

मी बाकाकडे वळले. तिथे कोणी नव्हतं. रेक्झिनची गादी मात्र दबलेली होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू फुगून वर आली.

बाहेर आलेली नर्स मला म्हणाली, "ताई बस असं मला म्हणालात का?"

"नाही," मी म्हटलं. "बहिणीला म्हटलं."

७

नात आता अकरा महिन्यांची आहे. आमच्या कोशाचे कितीही खंड रचले तरी तिच्या वजनाला पुरे पडायचे नाहीत. डॉक्टरीणबाई हसून बोलतात. नाव बदलायचं मी पुन्हा काढलं नाही. पट्टी पेटीवरून निघाली ती लेकीनं जपून ठेवली आहे.

कचेरीत त्यानंतर कोणी मागच्या खोलीतून ओ दिलेला नाही. मोकळी जागा पुन्हा दिसली नाही. शेवटचं प्रूफ आलं तेव्हा माझ्या नावावरचा दोन आपोआप गेला होता. डीटीपीवाला म्हणाला, "बघा, फाँटचीच भानगड होती." मी हो म्हटलं. मग कपाटातून माझं कार्ड काढलं आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. रफारांच्या 'सोबत असलेली'च्या पुढे मी लिहिलं: 'जिच्या मागून कोणी आले आहे अशी'. धातूला धरून आहे, ओढूनताणून नाही. रफारांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं.

"नियम मोडलात."

"मोडला."

"जोडाक्षर कसं होतं, सांगा बघू," ते म्हणाले. त्यांना सवय आहे, आमची तोंडी परीक्षा घेण्याची.

"पहिल्या अक्षराचा पाय मोडतो," मी म्हटलं, "आणि दुसरं त्याच्या आधारानं उभं राहतं."

"मग राहू द्या," ते म्हणाले आणि सही केली. त्यांना काय कळलं, मी विचारलं नाही.

मुलींचा खंड आता संपत आला आहे. 'ह' झाला, 'क्ष' झाला, 'ज्ञ'ची सात कार्डं राहिली आहेत. मी हातातलं संपवून येते म्हटलं होतं आणि दिलेला शब्द मी पाळते. पण कोशकाराच्या हातातलं काम इतक्या सहजी संपत नाही, हे त्या अदबशीर गृहस्थांना ठाऊक नसावं. पुरवणी असते, शुद्धिपत्र असतं. शिवाय गेल्या सोमवारी मी रफारांना आडनावांचा वेगळा खंड करण्याची कल्पना दिली. बारा वर्षांचं काम आहे. ते एकदम खूश झाले. आणि हे सगळं करूनही काम संपलंच, तर मी कुरकूर करणार नाही. मला जेवढे मिळाले ते सगळेच दिवस कोणीतरी उठून दिलेले होते.

लेक आणि नात माझ्याकडेच राहतात. पुढची खोली त्यांना दिली. मी मागच्या खोलीत टेबल टाकलं आहे, तिथे बसून कार्डं तपासते. पलंगाची एक बाजू मी मोकळी ठेवते. संध्याकाळी लेक नातीला रांगायला सोडते आणि नावानं हाक मारते. पोर अजून ओ द्यायला शिकलेली नाही, नुसती मान वळवून पाहते. तिनं तोंड उघडायच्या आत, दर वेळी, न चुकता, मी मागच्या खोलीतून म्हणते, "ओ."

"तुला नाही गं, आई," लेक बाहेरून हसत म्हणते. मला ते ऐकून फार बरं वाटतं.